पाच वेळा वापरला म्हणजे 'पुन्हा वापरता येतो' का? एमओएफ उत्प्रेरकांच्या बातम्या कशा वाचायच्या

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि 'एमओएफ' ही तीन अक्षरं एकदम सगळ्यांच्या फीडमध्ये आली. क्योटो विद्यापीठाचे सुसुमू कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ओमर याघी या तिघांना ते विभागून मिळालं. वाळवंटातल्या हवेतून पाणी काढणारा पदार्थ, कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणारा पदार्थ, अशा रील्स तुम्ही पाहिल्या असतीलच.

याच लाटेत आणखी एक प्रकारची बातमी सतत दिसते. नवा एमओएफ उत्प्रेरक सापडला, तो 'निवडक ऑक्सिडेशन' करतो, पाच वेळा वापरूनही त्याची ताकद तशीच राहते, आता रासायनिक उद्योग स्वच्छ होणार. मला आज या बातमीबद्दलच बोलायचंय. ती खोटी नसते, पण अर्धी असते. त्यात 'निवडक' आणि 'पुन्हा वापरता येणारा' असे दोन दावे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, जणू मोबाइलचे दोन वेगळे फीचर. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक बिघडली की दुसरी बिघडतेच. हे कळलं की अशा बातम्यांपैकी दमदार कोणती आणि फुगवलेली कोणती हे स्वतःलाच ओळखता येतं.

एमओएफ म्हणजे नक्की काय?

पूर्ण नाव मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क. इमारतीला लोखंडी परांची बांधतात ती डोळ्यांसमोर आणा. जिथे दांड्या एकत्र येतात ते सांधे म्हणजे धातूचे अणू किंवा अणूंचे छोटे गुच्छ. मधल्या दांड्या म्हणजे कार्बनी रेणू, त्यांना लिंकर म्हणतात. सगळा सांगाडा स्फटिकासारखा शिस्तीत आणि आतून पोकळ. रॉबसन यांनी १९८९ मध्ये तांब्याचे आयन वापरून अशी रचना दाखवली. कितागावांनी १९९७ मध्ये दाखवलं की अशा पोकळ्यांत वायू आत-बाहेर करू शकतात. 'एमओएफ' हे नाव १९९५ मध्ये याघींनी रूढ केलं आणि १९९९ मध्ये त्यांचा एमओएफ-५ आला. याच्या दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो.

एमओएफ-५ मधला लिंकर तुमच्या ओळखीचा आहे. तो टेरेफ्थॅलिक आम्लापासून येतो, आणि पाण्याची प्लास्टिक बाटली किंवा पॉलिस्टरचा टी-शर्ट त्याच आम्लापासून बनतो. रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथे रिलायन्सच्या प्रकल्पात हे आम्ल तयार होतं. ते बनवण्यासाठी पॅराझायलीन नावाच्या द्रवात हवा सोडतात, आणि ही जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या निवडक ऑक्सिडेशनपैकी एक आहे. म्हणजे बहुसंख्य चर्चित एमओएफची दांडीच मुळात निवडक ऑक्सिडेशनमधून जन्मलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निवडक ऑक्सिडेशन: थांबायचं कुठे?

लसणाची फोडणी करताना लसूण तांबूस व्हायला हवा, काळा नको. आच तीच, तेल तेच, प्रश्न फक्त थांबण्याचा. रासायनिक ऑक्सिडेशनचंही असंच असतं. कार्बनी पदार्थाला ऑक्सिजन दिला की त्याची शेवटची धाव कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत असते. आपल्याला हवा असतो तो माल अधल्यामधल्या स्टेशनवर मिळतो.

बारावीला विज्ञान घेतलं असेल तर बेंझाइल अल्कोहोल आठवत असेल. एक पायरी ऑक्सिडेशन झालं की बेंझाल्डिहाइड, म्हणजे कडू बदामाच्या वासाचा, सुगंधी द्रव्यांत आणि औषधांत लागणारा पदार्थ. आणखी एक पायरी गेलं की बेंझोइक आम्ल. मधल्या पायरीवर थांबायला पुस्तकात पीसीसी नावाचं अभिकर्मक सांगतात. ते काम चोख करतं, पण त्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं, जे कर्करोगकारक आहे. शिवाय ते उत्प्रेरक नाही, कच्चा मालच आहे. जेवढा माल हवा तेवढ्या प्रमाणात ते ओतायचं आणि तेवढाच क्रोमियमचा गाळ मागे उरणार.

हा गाळ मोजायला रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये 'ई-फॅक्टर' आणला. एक किलो माल बनवताना किती किलो कचरा तयार झाला, एवढाच साधा हिशोब. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मूलभूत रसायनांसाठी हा आकडा १ ते ५ च्या आत असतो. औषधनिर्मितीत तो २५ ते १०० च्याही वर जातो. तारापूर, लोटे-परशुराम, महाड, डोंबिवली या पट्ट्यांत राहणाऱ्या वाचकांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

न थांबता येण्याची किंमत फक्त कचऱ्यात मोजली जात नाही. नायलॉनसाठी सायक्लोहेक्झेन या द्रवाचं हवेने ऑक्सिडेशन करतात. अडचण अशी की तयार झालेला माल मूळ द्रवापेक्षा जास्त सहज ऑक्सिडाइज होतो. म्हणून एका फेरीत जेमतेम काही टक्केच द्रव रूपांतरित होऊ देतात आणि उरलेला पुन्हा फिरवतात. परिणामी कारखान्यात प्रचंड प्रमाणात गरम, दाबाखालचा, ज्वालाग्राही द्रव सतत फिरत राहतो. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथे १ जून १९७४ ला हेच घडलं. सहा अणुभट्टीसारख्या उभ्या टाक्यांच्या रांगेतली पाचवी टाकी दुरुस्तीसाठी काढली होती, तिच्या जागी तात्पुरता पाइप जोडला होता. तो निकामी झाला, बाहेर पडलेल्या वाफेचा स्फोट झाला आणि २८ कामगार मेले. चूक पाइपची होती, हे खरं. पण एवढा द्रव तिथे फिरत होता तो रासायनिक क्रिया निवडक नसल्यामुळे. म्हणून निवडक उत्प्रेरकाचा शोध हा केवळ प्रयोगशाळेतला छंद नाही.

एमओएफकडून एवढी आशा का?

उत्प्रेरक ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक द्रवात विरघळणारा. तो हुशार असतो, कारण प्रत्येक रेणू सारखा आणि प्रत्येक रेणू कामाला. पण माल तयार झाल्यावर त्याला वेगळं काढणं म्हणजे चहात विरघळलेली साखर परत काढण्यासारखं. दुसरा घन. तो गाळून परत मिळतो, पण त्याच्या पृष्ठभागावर धातूची केंद्रं वेगवेगळ्या स्वभावाची असतात, त्यामुळे निवड बिघडते. एमओएफ या दोघांचा मेळ घालू पाहतो. घन आहे, गाळता येतो, आणि धातूचं प्रत्येक केंद्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या शेजाऱ्यांसह बसलेलं असतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मला २००६ मधल्या अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कामात दिसतो. मँगनीज-सालेन नावाचा एक उत्प्रेरक आहे, तो दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवतो. द्रवात मोकळा सोडला की त्याचे रेणू एकमेकांना भिडतात, एकमेकांनाच ऑक्सिडाइज करतात आणि काही मिनिटांत काम मंदावतं. याच रेणूंना संशोधकांनी एमओएफच्या दांड्या म्हणून बसवलं. आता ते शेजारी असूनही एकमेकांना शिवू शकत नव्हते. तोच उत्प्रेरक काही तास टिकला. भांडखोर मुलांना वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसवण्याचाच प्रकार.

दुसरं उदाहरण २०१४ चं, बर्कलीतल्या जेफ्री लाँग यांच्या गटाचं. लोखंड आणि मॅग्नेशियम असलेल्या एमओएफमध्ये लोहाचे अणू एकमेकांपासून लांब ठेवले, आणि नायट्रस ऑक्साइड वापरून ७५ अंशांना इथेन वायूपासून इथेनॉल मिळवलं. इथेनसारख्या हट्टी रेणूचं इतक्या कमी तापमानाला, मुख्यतः इथेनॉलवर थांबणारं ऑक्सिडेशन ही मोठी गोष्ट. प्रत्येक लोहकेंद्रामागे मिळालेला माल मात्र फारच थोडा होता. शास्त्र म्हणून सुंदर, कारखाना म्हणून अजून दूर.

मग अडतं कुठे?

आता मघाची दांडी आठवा. लिंकर हा कार्बनी पदार्थ आहे. आपण ज्या भांड्यात कार्बनी पदार्थाचं ऑक्सिडेशन करतोय, त्याच भांड्यात हा कार्बनी सांगाडा उभा आहे. ऑक्सिजन देणाऱ्या रसायनाला 'हा माल आणि हा उत्प्रेरक' असा भेद कळत नाही. बेंझिनच्या कड्याचे लिंकर बरेच दणकट असतात हे मान्य, पण धोका कायम राहतो.

दुसरी अडचण पाणी. हवेने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडेशन केलं की बहुतेक वेळा पाणी तयार होतंच. 'फक्त पाणी हाच उपपदार्थ' असं आपण कौतुकाने म्हणतो. पण एमओएफ-५ साध्या दमट हवेतही खराब होतो, कारण जस्त आणि लिंकर यांच्यातला बंध पाणी तोडतं. यावर तोडगा निघाला २००८ मध्ये, नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाच्या यूआयओ-६६ या झिर्कोनियमच्या एमओएफमधून. झिर्कोनियम आणि ऑक्सिजनचा बंध इतका घट्ट की हा सांगाडा पाण्याला दाद देत नाही. आजच्या बऱ्याच टिकाऊ एमओएफचा तो पूर्वज आहे.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बातम्यांत ती जवळपास कधीच नसते. २०११ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने तांब्याचा एमओएफ आणि टेम्पो नावाचं सहायक रसायन वापरून, ऑक्सिजनने बेंझाइल अल्कोहोलचं बेंझाल्डिहाइड केलं. हर्मेनेगिल्दो गार्सिया यांच्या या गटात पुढे मदुराई कामराज विद्यापीठात शिकवणारे अमरज्योती दक्षिणामूर्तीही होते. क्रोमियम नाही, गाळ नाही, छानच. आता समजा अशा एखाद्या क्रियेत निवड थोडी ढिली पडली आणि काही बेंझाल्डिहाइड पुढे बेंझोइक आम्लापर्यंत गेलं. बेंझोइक आम्लाचं धातूला धरणारं टोक आणि एमओएफच्या लिंकरचं धातूला धरणारं टोक एकाच जातीचं असतं. त्यामुळे हे नको असलेलं आम्ल लिंकरला ढकलून त्याची जागा बळकावू शकतं. सांधा सुटतो, धातू द्रवात निसटतो.

म्हणजे बघा, निवड चुकली की नको ते आम्ल तयार होतं, आणि तेच आम्ल उत्प्रेरकाला पोखरतं. धातू निसटला की द्रवातला मोकळा धातू स्वतःच्या पद्धतीने ऑक्सिडेशन सुरू करतो आणि निवड आणखी बिघडते. हे दुष्टचक्र आहे. म्हणून 'निवड ९५ टक्के' आणि 'पाच वेळा वापरला' हे दोन आकडे वेगवेगळे वाचून चालत नाही.

शंभर टक्के चार्ज आणि बॅटरी हेल्थ

आता त्या 'पाच वेळा'कडे येऊ. तुमचा दोन वर्षं जुना फोन रोज सकाळी १०० टक्के चार्ज दाखवतो. म्हणून त्याची बॅटरी नवी आहे का? नाही. ती सेटिंगमध्ये जाऊन 'बॅटरी हेल्थ' बघितल्यावर कळतं. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन कमजोर बॅटरीवरही १०० वर पोचतोच.

उत्प्रेरकाच्या चाचणीत नेमकी हीच गफलत होते. समजा एखादी क्रिया ताज्या उत्प्रेरकाने दोन तासांत पूर्ण होते. संशोधकाने प्रत्येक फेरी बारा तास चालवली. आता उत्प्रेरकाचा निम्मा भाग मेला, तरी क्रिया चार तासांत पूर्ण होईल आणि बाराव्या तासाला आकडा ९९ टक्केच दिसेल. पाचही फेऱ्यांचे खांब आलेखात एका उंचीचे. फोटोत छान दिसतं, पण ती बॅटरी हेल्थ नाही. खरी परीक्षा म्हणजे क्रिया अर्धवट असताना तिचा वेग मोजणं, आणि तो प्रत्येक फेरीत तेवढाच आहे का हे पाहणं.

फेऱ्यांची संख्याही जरा तोलून बघा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० चार्जिंग फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे असा नियम आहे. फोनकडून आपण ८०० मागतो आणि कारखान्याच्या उत्प्रेरकाला पाचवर शाबासकी देतो.

गाळून बघितलं का?

दुसरी गफलत गळतीची. तांबं, कोबाल्ट, मँगनीज यांचे द्रवात निसटलेले थोडेसे आयनही ऑक्सिडेशन घडवून आणू शकतात. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या कारखान्यात कोबाल्ट आणि मँगनीज मुद्दाम विरघळवूनच वापरतात. मग घन एमओएफ भांड्यात आहे, पण खरं काम निसटलेला धातू करतोय, असं झालं तर?

ओळखायची युक्ती साधी आहे. क्रिया अर्ध्यावर असताना, भांडं गरम असतानाच घन भाग गाळून काढायचा आणि उरलेला द्रव तसाच चालू ठेवायचा. क्रिया थांबली तर काम घन पदार्थ करत होता. चालू राहिली तर धातू द्रवात आहे. गरम असतानाच का गाळायचं? कारण थंड होताना निसटलेला धातू परत घनावर जाऊन बसू शकतो आणि चोरी पकडली जात नाही. सोबत द्रवातला धातू थेट मोजायचा आणि वापरलेल्या एमओएफचा क्ष-किरण नमुना ताज्याशी ताडून बघायचा. नुसता नमुना जुळला म्हणजे झालं असं नाही, कारण थोडासा भाग ढासळला तरी उरलेल्या स्फटिकाचा नमुना तसाच दिसतो.

ई-फॅक्टरवाल्या शेल्डन यांनीच सहकाऱ्यांसोबत १९९८ मध्ये द्रवातल्या ऑक्सिडेशनच्या घन उत्प्रेरकांवर एक लेख लिहिला होता. त्याच्या शीर्षकातच त्यांनी विचारलं होतं की हे परीस आहेत की ट्रोजन घोडे? तेव्हा एमओएफ-५ यायला अजून एक वर्ष होतं. प्रश्न आजही तितकाच लागू आहे.

ज्याच्याशी तुलना व्हायला हवी

अशा बातम्यांत तुलना बहुधा क्रोमियमशी केलेली असते. तो सोपा प्रतिस्पर्धी. खरी लढत आहे टीएस-१ शी. इटलीतल्या एनी कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झिओलाइटसारख्या सिलिकाच्या सांगाड्यात थोडे टायटॅनियमचे अणू बसवले. हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत तो निवडक ऑक्सिडेशन करतो. २००८ मध्ये दक्षिण कोरियातल्या उल्सान इथे याच प्रकारच्या उत्प्रेरकावर प्रोपिलीन ऑक्साइडचा मोठा कारखाना सुरू झाला. गादीतला फोम ज्या पॉलियुरेथेनचा असतो, त्याचा हा कच्चा माल.

टीएस-१ जिंकला त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. काही काळाने कोणत्याही सच्छिद्र उत्प्रेरकाची छिद्रं डांबरट घाणीने बुजतात. सिलिकाचा सांगाडा सरळ हवेत सुमारे ५०० अंशांना भाजायचा, घाण जळून जाते, सांगाडा पुन्हा तयार. आपल्या आज्या तवा चुलीत टाकून त्याची काजळी जाळायच्या, तसंच. एमओएफला हा उपाय करता येत नाही, कारण त्याच्या दांड्याच कार्बनी आहेत. घाण जळण्याआधी किंवा तिच्यासोबत घरही जळतं. त्याला सॉल्व्हंटने धुवावं लागतं, आणि त्या सॉल्व्हंटचा कचरा ई-फॅक्टरमध्ये धरावा लागतो. पेपरमधला 'पाच वेळा धुऊन वापरला' हा हिशोब म्हणूनच पूर्ण नसतो.

बाजारात आज एमओएफ कुठे दिसतो तेही पाहा. बीएएसएफ कंपनीने २०२३ मध्ये कॅनडातल्या स्वान्टे कंपनीच्या कार्बन पकडण्याच्या यंत्रांसाठी काल्फ-२० या एमओएफचं वर्षाला काही शे टनांच्या पातळीवर उत्पादन होत असल्याचं जाहीर केलं. चिप बनवायच्या उद्योगात विषारी वायू कमी दाबावर साठवायला न्यूमॅट कंपनीच्या सिलिंडरमध्ये एमओएफ असतो. ही दोन्ही कामं धरून ठेवण्याची आणि सोडून देण्याची आहेत. तिथे बंध तुटत नाहीत, जुळत नाहीत. ऑक्सिडेशनचं काम यापेक्षा कितीतरी निष्ठुर आहे. एका ठिकाणी यश मिळालं म्हणून दुसरीकडे आपोआप मिळेल असं नाही.

पुढची हेडलाइन आली की

स्क्रोल करताना पाच प्रश्न विचारा. प्रत्येक फेरीत वेग मोजला का, की फक्त शेवटचा टक्का? गरम असताना गाळून बघितलं का? द्रवात किती धातू निसटला? ऑक्सिजन कुठून आला, हवेतून की एखाद्या महाग आणि धोकादायक पेरॉक्साइडमधून? अनेक प्रयोगांत टीबीएचपी नावाचं सेंद्रिय पेरॉक्साइड वापरतात, ते मागे स्वतःचा उपपदार्थ सोडतं आणि साठवायलाही जोखमीचं असतं. आणि शेवटचा प्रश्न, तो अजून एमओएफ आहे का? 'एमओएफपासून बनवलेला' असं लिहिलं असेल तर बऱ्याचदा तो शेकडो अंशांना भाजून धातूचा ऑक्साइड किंवा कार्बन झालेला असतो. तो चांगला उत्प्रेरक असू शकतो, पण ती शिस्तबद्ध परांची तिथे आता नसते.

मग मी एमओएफवर नाराज आहे का? अजिबात नाही. मला वाटतं त्याची जागा मोठ्या टनांच्या रसायनांत नाही, तर जिथे ई-फॅक्टर सगळ्यात वाईट आहे तिथे, म्हणजे औषधं आणि सुगंधी द्रव्यांच्या मधल्या टप्प्यांत आहे. तिथे माल महाग, तापमान कमी, आणि एका अचूक केंद्राची किंमत परवडते. महाराष्ट्रात असे टप्पे बनवणारे छोटे-मोठे कारखाने भरपूर आहेत. पुण्यात एनसीएलने १९८० च्या दशकात झिओलाइटचे 'एन्सिलाइट' उत्प्रेरक प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत नेलेले आहेत आणि तिथून जवळच आयसरमध्ये एमओएफवर काम चालतं. हे अंतर कापायला नवा चमत्कारी सांगाडा लागेलच असं नाही. सहावी, साठावी आणि सहाशेवी फेरी चालवून प्रत्येकीचा वेग प्रामाणिकपणे छापणारे लोक लागतील. असा आलेख असलेली बातमी दिसली तर ती नक्की फॉरवर्ड करा.